साइटमॅपवर हिरवी खूण, तरी गुगलवर पानं नाहीत: एका छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटचं प्रकरण

व्यवसाय शिलाई मशिनच्या सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा. माणसं मोजकी, वेबसाइट वर्डप्रेसवर, काही महिन्यांपूर्वी नव्यानं बांधून घेतलेली. नाव देत नाही. मालकांची तशी अट आहे आणि प्रकरण समजायला नावाची गरजही नाही. साइटवर पानं दोन-अडीचशे. त्यातली बहुतेक एकेका भागाची: बॉबिन केस, प्रेसर फूट, फीड डॉग, पट्टे, मोटरचे ब्रश. बाकी दुरुस्तीवरचे लेख, सेवांची माहिती आणि संपर्काचं पान.

तक्रार अशी, की भागाचा नेमका क्रमांक टाकून शोधलं तरी साइट दिसत नाही. मागे पडते असं नाही, येतच नाही. जुन्या साइटवरचे निदान काही भाग तरी सापडत. मालक म्हणाले, “साइटमॅप दिलेला आहे. सर्च कन्सोलमध्ये हिरव्या अक्षरांत सक्सेस लिहून येतंय, तुम्हीच बघा. मग घोडं अडलंय कुठे?”

प्रश्न रास्त होता. साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची, शोधयंत्रांसाठी ठेवलेली यादी; सर्च कन्सोल म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गुगलचं साधन. त्या हिरव्या शब्दावर विसंबून त्यांनी पुढचं काही तपासलं नव्हतं, आणि तो शब्द तिथे ज्या थाटात मांडलेला असतो ते पाहता त्यात नवल नाही.

सक्सेस म्हणजे काय झालं?

साइटमॅप अहवालातल्या ‘सक्सेस’चा अर्थ एवढाच की गुगलला ती फाइल आणता आली, वाचता आली आणि तिच्या मांडणीत चूक निघाली नाही. आतली पानं इंडेक्समध्ये, म्हणजे गुगल ज्यातून शोधाची उत्तरं काढतं त्या संग्रहात, गेली का, जाणार का, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. टपालाची पोचपावती मिळते तसं आहे: पाकीट पोचलं, अर्ज मंजूर झाला की नाही ते वेगळ्या टेबलावर ठरतं. साइटमॅप म्हणजे ‘ही माझी पानं, बघा’ एवढी सूचना. ती पाळायचं बंधन कुठल्याही शोधयंत्रावर नाही.

ही पद्धत गुगलनं जून २००५ मध्ये आणली. नोव्हेंबर २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्ट सोबत आले आणि सगळ्यांसाठी एकच मांडणी ठरली. २००७ पासून रोबॉट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी कुठे जायचं, कुठे नाही ते सांगणारी साइटवरची फाइल) एक ओळ लिहिली की साइटमॅपचा पत्ता कोणत्याही शोधयंत्राला आपोआप कळतो. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते आणि आकार ५० एमबी, या मर्यादांशी छोट्या व्यवसायाची कधी गाठ पडत नाही. उलट गुगलचंच मार्गदर्शन असं आहे की साइट साधारण ५०० पानांच्या आत असेल आणि मुखपृष्ठापासून लिंका धरत प्रत्येक महत्त्वाच्या पानापर्यंत पोचता येत असेल, तर साइटमॅप नसला तरी बिघडत नाही.

लोक यातली पहिली अट वाचतात आणि दुसरी सोडून देतात. ही साइट ५०० च्या खूप आत होती. पण लिंका धरत भागांच्या पानांपर्यंत जायची सोय नव्हती. ते मात्र लगेच लक्षात आलं नाही, कारण त्याच्यावर आणखी दोन थर होते.

पहिला थर: भलतीच फाइल

सर्च कन्सोलच्या त्याच अहवालात, सक्सेसच्या शेजारच्या रकान्यात, त्या साइटमॅपमधून किती पानं कळली त्याचा आकडा असतो. तिथे चाळिशीतला आकडा होता. साइटवर दोनशेच्या वर पानं, आणि यादीत चाळीस-पंचेचाळीस? इथेच पहिला धागा हाती लागला.

फाइल ब्राउझरमध्ये उघडली. मांडणी साधी असते: बाहेर एक मोठा टॅग, आत प्रत्येक पानासाठी एकेक कप्पा, कप्प्यात लॉक नावाच्या टॅगमध्ये पानाचा पूर्ण पत्ता आणि हवी तर लास्टमॉडमध्ये शेवटच्या बदलाची तारीख. वाचायला कोणत्याही हत्याराची गरज नाही, नुसते डोळे पुरतात. या फाइलमधले सगळे पत्ते जुन्या साइटचे होते. सुरुवातीला एचटीटीपी, शेवटी एचटीएमएल. तारखाही त्याच काळातल्या. जुनी साइट असताना कुणीतरी एका ऑनलाइन साधनातून ही फाइल तयार करून सर्व्हरवर ठेवली होती. नवी साइट बांधताना ती तशीच राहिली, रोबॉट्स फाइलमधली ओळही तिच्याकडेच बोट दाखवत राहिली. गुगल ती नेमानं आणत होतं, वाचत होतं आणि इमानेइतबारे सक्सेस लिहीत होतं.

त्या पत्त्यांवर गेलं की काय व्हायचं? प्रत्येक जुना पत्ता नव्या मुखपृष्ठावर वळवलेला. साइट बांधणारे हे बऱ्याचदा करतात, कारण एका ओळीत काम भागतं आणि कुठेही ‘पान सापडलं नाही’ असं दिसत नाही. पण बॉबिन केसचं पान मागितल्यावर मुखपृष्ठ मिळालं तर गुगल त्याला रीडायरेक्ट मानत नाही. ते त्याच्या लेखी पान नसल्यातच जमा, अहवालात ‘सॉफ्ट ४०४’ म्हणून नोंद होते. जुन्या पानांनी वर्षानुवर्षं कमावलेलं जे काही होतं ते असं वाऱ्यावर गेलं. मालकांना जे ‘पूर्वी सापडायचं’ असं आठवत होतं, त्याचं उत्तर इथे होतं.

काम सरळ होतं. जुनी फाइल काढली. जुन्या प्रत्येक पत्त्यासमोर नव्या साइटवरचं त्याच भागाचं पान लिहून ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे ‘हे पान कायमचं तिकडे गेलं’ असं सांगणारं वळण, लावले. ज्या भागांची विक्री बंद झाली होती त्यांचे पत्ते ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ हे उत्तर, देऊ दिले. रोबॉट्स फाइलमधली ओळ बदलून एसइओ प्लगइननं (साइट शोधात नीट दिसावी म्हणून वर्डप्रेसला जोडायचा प्रोग्राम) तयार केलेल्या नव्या साइटमॅपकडे वळवली आणि सर्च कन्सोलमध्ये तोच सादर केला.

दुसरा थर: यादीत सगळं आहे, भाग सोडून

वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, साइटमॅप आपोआप तयार करतं. एसइओ प्लगइन टाकलं की ते सहसा हा मूळ साइटमॅप बंद करून स्वतःचा देतं. इथे तसंच होतं. प्लगइनचा साइटमॅप म्हणजे एक अनुक्रमणिका आणि तिच्या पोटात प्रकारवार छोटे साइटमॅप: पानं, लेख, टॅग, लेखक. पत्त्यांची एकूण संख्या पाचशेच्या पुढे. साइटवर आहेत त्याच्या दुपटीहून जास्त! आणि त्यात भागाचं एकही पान नाही.

जास्तीचा भरणा टॅगांचा होता. दुरुस्तीच्या लेखांना लिहिणाऱ्यानं सुचतील ते टॅग, म्हणजे विषय सांगणारे शब्द, लावले होते, आणि वर्डप्रेस प्रत्येक टॅगचं स्वतंत्र पान बनवतं. ‘सुई’, ‘सुया’, ‘सुई तुटणे’ अशी तीन पानं, तिन्हींवर तोच एक लेख. शोधणाऱ्याला त्यातल्या एकाचाही उपयोग नाही.

भाग का नव्हते ते पाहायला एका भागाचं पान सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत टाकलं. उत्तर स्वच्छ आलं: नोइंडेक्स टॅगमुळे वगळलं. नोइंडेक्स म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ अशी पानावरची खूण. साइट बांधणाऱ्यानं भागांसाठी वेगळा लेखप्रकार केला होता. बांधकाम चालू असताना अर्धवट पानं गुगलवर जाऊ नयेत म्हणून प्लगइनमध्ये त्या प्रकारापुढचं ‘शोधात दाखवा’ हे बटण बंद ठेवलं होतं. शहाणपणाचंच काम. साइट सुरू झाल्यावर ते चालू करायचं राहून गेलं. या एका बटणानं दोन गोष्टी होतात: पानावर नोइंडेक्स लागतो आणि ती पानं साइटमॅपमधून बाहेर जातात.

साइटमॅपचा खरा उपयोग मला इथे दिसतो. आपलं महत्त्वाचं पान यादीत नसेल तर ‘यादीत घाला’ म्हणण्याआधी ‘का नाही?’ असं विचारायचं. प्लगइन उगाच कुणाला वगळत नाही. इथे कुणी घाईघाईनं हातानं एक फाइल करून भागांचे पत्ते त्यात कोंबले असते, तर पुन्हा सक्सेस दिसलं असतं आणि नोइंडेक्स जागच्या जागी राहिला असता.

बटण चालू केलं. टॅगांच्या पानांना उलट नोइंडेक्स लावून साइटमॅपमधून काढलं. ती रोबॉट्स फाइलमधून अडवायची असा एक प्रस्ताव होता, तो मी मानला नाही: पान अडवलं तर गुगलला ते उघडताच येत नाही, मग त्यावरचा नोइंडेक्स त्याला दिसणार कसा?

एक गोष्ट मुद्दाम सांभाळली. भागांचा साइटमॅप वेगळा आहे तसाच ठेवला आणि अनुक्रमणिकेशिवाय स्वतंत्रपणेही सादर केला. सर्च कन्सोलच्या पानांच्या अहवालात एका ठरावीक साइटमॅपपुरती गाळणी लावता येते. म्हणजे ‘भागांची किती पानं आत, किती बाहेर, बाहेरची का बाहेर’ हे लेखांच्या गर्दीत न मिसळता दिसतं. छोट्या साइटसाठी साइटमॅपचे तुकडे करायचं हे एकमेव चांगलं कारण आहे, पण ते पुरेसं आहे.

तिसरा थर, आणि मुख्य दुखणं

गाळणी लावून पाहिलं तर भागांची पानं ‘नोइंडेक्स’च्या गटातून निघत होती आणि दुसऱ्याच गटात जाऊन बसत होती: ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’. म्हणजे पत्ता कळला आहे, पण गुगलनं पान अजून उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही. थोडी वाट पाहिली. काही पानं पुढे सरकली, बरीचशी तिथेच.

साइटवर भागापर्यंत जायचं कसं? मुखपृष्ठावर दोन निवडयाद्या: आधी मशिनची कंपनी निवडा, मग मॉडेल. निवडलं की जावास्क्रिप्ट त्या मॉडेलचे भाग खाली आणून दाखवायची. माणसाला झकास. गुगलचा क्रॉलर, म्हणजे पानं उघडून वाचणारा प्रोग्राम, मात्र निवडयाद्यांमधून पर्याय निवडत नाही, बटणं दाबत नाही. त्याला एचरेफमध्ये पत्ता दिलेली साधी लिंक लागते. भागांची दीडशेच्या वर पानं अशी होती की साइटवरच्या एकाही पानावरून त्यांच्याकडे लिंक जात नव्हती. फक्त साइटमॅप त्यांची नावं सांगत होता.

साइटमॅपमुळे पान कळतं. ते महत्त्वाचं आहे हे साइटमॅपमुळे कळत नाही. मालकांनाच आपल्या साइटवर ज्या पानाची लिंक द्यावीशी वाटली नाही, ते पान उघडायची घाई गुगलनं का करावी? प्रायॉरिटी नावाचा टॅग मांडणीत आहे खरा, आणि या साइटमॅपमध्ये कुणीतरी सगळ्या पानांना पैकीच्या पैकी गुण देऊन ठेवले होते. गुगल तो टॅग वाचत नाही. पान किती वेळानं बदलतं ते सांगणारा चेंजफ्रीकही नाही.

निवडयादी काढायची नव्हती, गिऱ्हाइकांना ती आवडत होती. तिच्या जोडीला प्रत्येक कंपनीचं एक पान केलं, त्यावर मॉडेलांची यादी, मॉडेलच्या पानावर भागांची यादी, सगळ्या साध्या लिंका. दुरुस्तीच्या लेखांतून त्या-त्या भागाकडे लिंक दिली. हे शेवटचं काम मालकांच्या मुलीनं केलं, आणि मला वाटतं सगळ्यात मोलाचं तेच होतं. ‘खालचा धागा गुंतत असेल तर बॉबिन केस तपासा’ या वाक्यातून बॉबिन केसच्या पानाला दिलेली लिंक ही नुसत्या यादीतल्या लिंकेपेक्षा किती तरी जास्त सांगून जाते, वाचणाऱ्यालाही आणि गुगललाही.

त्यानंतरच्या आठवड्यांत गट पुन्हा हलला. काही पानं इंडेक्समध्ये गेली. काही ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’मध्ये आली: उघडून पाहिलं, ठेवून घेतलं नाही. आणि काहींपुढे शेरा पडला की हे दुसऱ्या पानाचं दुहेरी रूप आहे, गुगलनं वेगळा कॅनॉनिकल निवडला, म्हणजे सारख्या पानांतलं मुख्य म्हणून दुसरंच पान धरलं. दर वेळी शेरा बदलतो म्हणजे अडथळा बदलतो. हे शेरे वाचता आले की अंदाजानं काम करावं लागत नाही.

एक भाग, सात पानं

दुहेरी पानांवरून मालकांशी थोडं वाजलं. एकच प्रेसर फूट सात मॉडेलांना बसत असेल तर त्याची सात पानं केलेली होती. शीर्षकात मॉडेलचं नाव वेगळं, बाकी फोटो तोच, मजकूर तोच.

“पण गिऱ्हाईक आपल्या मॉडेलच्या नावानंच शोधतं. पानं कमी केली तर त्याला भाग सापडणार कसा?”

मुद्दा खोटा नव्हता. पण सातांपैकी सहा पानं तशीही बाहेरच राहत होती आणि कोणतं आत घ्यायचं ते गुगल स्वतःच्या मनानं ठरवत होतं. शेवटी एका भागाचं एकच पान ठेवलं. त्यावर ‘कोणत्या मॉडेलांना बसतो’ असा तक्ता, त्यात सगळी मॉडेलं नावानिशी. बाकीच्या सहा पत्त्यांवरून ३०१ नं इकडे वळवलं. साइटमॅपमध्ये आता फक्त तेच पत्ते जे स्वतःलाच कॅनॉनिकल म्हणतात, २०० (म्हणजे ‘पान ठीक आहे’ हे उत्तर) देतात आणि नोइंडेक्स नाहीत. भागांची पानं यामुळे बरीच घटली. मालकांना ते सुरुवातीला नुकसान वाटलं.

जिथे नुसता एक फोटो आणि एक ओळ होती, अशी पानं ‘क्रॉल्ड’च्या गटात अडकली होती. त्यांना तांत्रिक औषध नाही. मालकांनी स्वतः बसून त्यावर लिहिलं: भागाची मापं, झिजला की मशीन कसा आवाज करतं, बदलताना कोणता स्क्रू आधी काढायचा, दिसायला सारखा पण न बसणारा भाग कोणता. ही माहिती त्यांच्याकडे फोनवर रोज तोंडी जात होतीच.

तारखांची भानगड

साइटमॅपमधली एक गोष्ट उरली होती. लास्टमॉडच्या तारखा. भागांच्या साइटमॅपमध्ये प्रत्येक पानापुढे आदल्या रात्रीची तारीख, वेळही काही सेकंदांच्या फरकानं तीच. संपर्काचं पान वेगळं, लेख वेगळे, पण भाग सगळे रोज ‘बदललेले’. रात्री साठा मोजणारी एक स्क्रिप्ट चालत होती. ती प्रत्येक भागाचा शिल्लक आकडा लिहिताना सबंध पान नव्यानं जतन करायची, त्यामुळे वर्डप्रेसच्या लेखी पान बदललं.

गुगल लास्टमॉड वापरतं, पण ती तारीख सातत्यानं खरी निघत असेल तरच. रोज सगळं बदललं म्हणणाऱ्या साइटची तारीख कुणी मनावर घेत नाही, आणि मग ज्या दिवशी खरंच मापं सुधारली जातात त्या दिवशीही ती सांगून उपयोग नसतो. स्क्रिप्ट आता शिलकीचा आकडा नुसता त्याच्या मेटा फील्डमध्ये लिहिते, पानाला हात लावत नाही. तारीख बदलते ती मजकूर बदलला तरच.

त्याच स्क्रिप्टच्या शेवटी गुगलला साइटमॅप बदलल्याचा पिंग पाठवणारी एक ओळ होती. गुगलनं ही पिंगची सोय बंद करत असल्याचं जून २०२३ मध्येच जाहीर केलं होतं, त्यामुळे ती ओळ रोज रात्री भिंतीशी बोलत होती. काढून टाकली. बिंगसाठी मात्र इंडेक्सनाऊ चालू केलं. ऑक्टोबर २०२१ पासून बिंग आणि यांडेक्सनं आणलेली ही पद्धत बदललेल्या पानाचा पत्ता थेट कळवते. गुगल त्यात नाही.

आज काय स्थिती आहे

भागांच्या साइटमॅपची गाळणी लावली की बहुतेक पानं आता इंडेक्समध्ये दिसतात. क्रमांकानं शोधलं की साइट येते. कुठे वर, कुठे मोठ्या विक्रीसाइटींच्या खाली. वरखाली होणं ही वेगळी लढाई आहे आणि साइटमॅप त्यात काही करू शकत नाही. कोणत्या दुरुस्तीनं नेमका किती फरक पडला याचा हिशेब मांडता येणार नाही, कारण कामं एकमेकांत गुंतलेली होती. पण क्रम महत्त्वाचा होता एवढं नक्की सांगता येतं: नोइंडेक्स असताना लिंका देऊन काही झालं नसतं, आणि लिंका नसताना मजकूर वाढवून तो वाचायला कुणी आलं नसतं.

मालक आता महिन्यातून एकदा तो अहवाल उघडतात आणि सक्सेसकडे न बघता कळलेल्या पानांचा आकडा भागांच्या खऱ्या संख्येशी ताडून पाहतात. नवा भाग टाकला की मॉडेलच्या पानावर त्याची लिंक आली का ते मुलगी बघते.

बाहेर राहिलेल्यांत मुख्यतः स्क्रू आणि वॉशर आहेत. प्रत्येकाचं वेगळं पान, आणि खरं सांगायचं तर एका वॉशरबद्दल मापापलीकडे लिहिणार काय? ती सगळी एका पानावर मोठ्या तक्त्यात घ्यायची, जुने पत्ते तिकडे वळवायचे आणि साइटमॅपमधून काढायचे असं ठरलं आहे. तक्ता तयार होतोय. व्यासाच्या रकान्यावरून पहिला वाद झालाही: मिलिमीटर आधी की इंच.